विश्लेषण : सीताबर्डीची लढाई हरलेले आप्पासाहेब भोसले कोण होते?

नागपूर रेल्वे स्थानकाजवळचा सीताबर्डीचा किल्ला भोसल्यांनी बांधला, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात १८१७च्या लढाईत भोसल्यांना हरवल्यावर तो इंग्रजांनी बांधला. त्या लढाईत हरलेले राजे म्हणजे मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब भोसले.

गादी कशी मिळाली?

आप्पासाहेब हे दुसऱ्या रघूजींचे पुतणे. घराण्यातली भाऊबंदकी जुनीच होती. १७७५मध्ये पाचगावच्या लढाईत आप्पासाहेबांचे आजोबा मुधोजी आणि त्यांचे सख्खे भाऊ साबाजी समोरासमोर आले आणि साबाजी मारले गेले. १८१६मध्ये रघूजींचे निधन झाले. पुत्र परसोजी शरीराने दुर्बळ, त्यामुळे कारभार आप्पासाहेबांकडे आला. दरबारातल्या विरोधकांपुढे टिकण्यासाठी त्यांनी मे १८१६मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. फेब्रुवारी १८१७मध्ये परसोजी मृतावस्थेत आढळले. हा खून आप्पासाहेबांनीच करवला, असा ठपका इंग्रजांनी पुढे ठेवला.

लढाईत काय घडले?

पुण्यात पेशव्यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. नोव्हेंबर १८१७मध्ये आप्पासाहेबांनी पेशव्यांकडून सेनासाहेबसुभा पदाची वस्त्रे स्वीकारली. २६ नोव्हेंबरला सायंकाळी सीताबर्डीवर तोफा सुरू झाल्या. भोसल्यांच्या अरब शिपायांनी लहान टेकडी घेतलीही; पण त्यांच्यातच दारूगोळ्याची गाडी पेटली आणि २७ तारखेला दुपारपर्यंत बाजी उलटली. इंग्रजांच्या बाजूने लढणारे बहुतेक शिपाई मद्रास आणि बंगालच्या फौजांतले, म्हणजे याच देशातले होते.

पुढे काय झाले?

डिसेंबरमध्ये आप्पासाहेब शरण गेले, तरी शहरातले अरब महिनाअखेरपर्यंत झुंजत राहिले. मार्च १८१८मध्ये आप्पासाहेबांना अटक झाली. अलाहाबादकडे नेताना मे महिन्यात ते शिपायाच्या वेशात निसटले. महादेवाच्या डोंगरात गोंडांनी त्यांना साथ दिली. तिथून पंजाब आणि अखेर जोधपूर, असा प्रवास करत १८४०मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. नागपूरची गादी त्यांना पुन्हा मिळाली नाही.

आठवण कशी ठेवायची?

तह करणारे आणि तो मोडणारे आप्पासाहेब एकच होते. परसोजींच्या मृत्यूचा डाग पुसून त्यांचा गौरव करता येत नाही आणि तेवढ्यासाठी सीताबर्डीवर पडलेल्यांना विसरताही येत नाही. किल्ला आज लष्कराच्या ताब्यात आहे आणि मोजक्याच दिवशी सर्वांसाठी खुला होतो. तिथे जाणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे : तट जिंकणाऱ्यांनी बांधला, टेकडीवर रक्त मात्र दोन्ही बाजूंचे सांडले.