विश्लेषण : सामान्यांना परवडणारी स्पोर्ट्स कार देणारे सेसिल किंबर कोण होते? ‘एमजी’ हे नाव कुठून आले?

भारतात सध्या ‘कूपे’ हा शब्द बराच ऐकू येतो. टाटाची कर्व्ह आणि सिट्रोएनची बसॉल्ट ही मॉडेल्स २०२४ मध्ये ‘कूपे एसयूव्ही’ म्हणून बाजारात आली. मूळ अर्थाने कूपे म्हणजे दोन दरवाजांची, बुटकी, मागे उतरत्या छताची गाडी. अशी नवी गाडी बेताच्या पैशांत मिळणे मात्र आपल्याकडे जवळपास अशक्य आहे. स्पोर्ट्स कार म्हणजे श्रीमंतांचा छंद, हे समीकरण आपण गृहीतच धरतो. शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमध्येही तेच समीकरण होते. ते मोडणाऱ्या माणसाचे नाव सेसिल किंबर. ‘एमजी’ ही अक्षरे आज भारतातल्या रस्त्यांवर दिसतात ती त्यांच्यामुळे. त्यांनी हे कसे साधले आणि आज गाडी निवडणाऱ्याला त्यातून काय घेता येईल?

सेसिल किंबर कोण होते?

किंबर यांचा जन्म १२ एप्रिल १८८८ रोजी लंडनमध्ये झाला. वडिलांचा छपाईच्या शाईचा व्यवसाय होता. कुटुंब पुढे मँचेस्टर परिसरात आले आणि शिक्षण संपल्यावर सेसिल वडिलांच्याच व्यवसायात लागले. मन मात्र मोटारसायकलींत होते. ऐन तारुण्यात झालेल्या एका मोटारसायकल अपघातात त्यांच्या उजव्या पायाला गंभीर दुखापत झाली. अनेक शस्त्रक्रियांनंतर पाय वाचला, पण तो डाव्या पायापेक्षा सुमारे दोन इंच आखूड राहिला. पुढे आयुष्यभर ते लंगडतच चालले.

या अपघातानंतर ते दुचाकीवरून चारचाकीकडे वळले. १९१४ मध्ये त्यांनी घरचा व्यवसाय सोडला आणि शेफील्ड-सिम्प्लेक्स या मोटार कंपनीत नोकरी धरली. पहिल्या महायुद्धाच्या काळात एसी कार्समध्ये आणि त्यानंतर ई. जी. रिग्ली या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत त्यांनी काम केले. रिग्लीत त्यांनी स्वतःची बचतही गुंतवली. कंपनी अडचणीत आली आणि ते पैसे बुडाले. तिशी ओलांडलेली, पदरी संसार आणि हातात भांडवल नाही, अशा अवस्थेत १९२१ मध्ये ते ऑक्सफर्डला आले.

‘एमजी’ म्हणजे नेमके काय?

ऑक्सफर्डमध्ये विल्यम मॉरिस या उद्योजकाची ‘मॉरिस गॅराजेस’ नावाची पेढी होती. मॉरिस कंपनीच्या गाड्या विकणे आणि दुरुस्त करणे हे तिचे काम. म्हणजे आजच्या भाषेत डीलरशिप आणि सर्व्हिस सेंटर. किंबर तिथे विक्री व्यवस्थापक म्हणून लागले आणि पुढच्याच वर्षी सरव्यवस्थापक झाले. मॉरिस गॅराजेस या नावाची आद्याक्षरे म्हणजेच ‘एमजी’. अष्टकोनी चिन्हात बसवलेली ही अक्षरे १९२३च्या सुमारास जाहिरातींत दिसू लागली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. किंबर यांच्याकडे कारखाना नव्हता, इंजिन बनवण्याची सोय नव्हती आणि पैसेही नव्हते. होती ती फक्त मॉरिसची साधी, घरगुती वापराची ‘काउली’ गाडी. त्यांनी तिची चासी घेतली, तिच्यावर बाहेरून बनवून घेतलेली हलकी आणि देखणी बॉडी चढवली, सस्पेन्शनमध्ये बदल केले आणि ती थोड्या जास्त किमतीला विकायला ठेवली. लोकांनी ती घेतली. १९२५च्या ईस्टरमध्ये किंबर स्वतः अशीच एक खास बनवलेली गाडी घेऊन लंडन ते लँड्स एंड या खडतर मोटार चाचणीत उतरले आणि सुवर्णपदक घेऊन परतले. हीच गाडी पुढे ‘ओल्ड नंबर वन’ म्हणून प्रसिद्ध झाली.

मिजेट इतकी स्वस्त कशी होती?

किंबर यांची खरी कमाल १९२८ मध्ये दिसली. मॉरिसने ‘मायनर’ ही छोटी कौटुंबिक गाडी आणली. तिचे इंजिन अवघे ८४७ सीसीचे होते, पण त्यात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला होता. त्या काळात एवढ्या स्वस्त गाडीत असे इंजिन सहसा मिळत नसे. गाडी साधी असली तरी इंजिनात दम आहे, हे किंबर यांनी ओळखले. त्यांनी सस्पेन्शनमध्ये बदल करून गाडी खाली आणली, स्टीअरिंगचा दांडा चालकाकडे अधिक कलता केला आणि लाकडी सांगाड्यावर कापड ताणून बनवलेली, होडीसारखी निमुळती शेपटी असलेली दोन आसनी बॉडी बसवली. ही बॉडी बाहेरून साधारण साडेसहा पौंडांत बनवून मिळत असे.

ऑक्टोबर १९२८ मध्ये लंडनच्या ऑलिम्पिया मोटार प्रदर्शनात ही ‘एम-टाइप मिजेट’ मांडली गेली. किंमत १७५ पौंड. ताकद फक्त २० अश्वशक्तीच्या आसपास, पण वजन कमी असल्याने वेग ताशी सुमारे १०५ किलोमीटरपर्यंत जाई. ॲव्हरेज विचाराल तर लिटरला साधारण १४ किलोमीटर. बिघाड झाला तर सुटे भाग मॉरिसच्या कोणत्याही विक्रेत्याकडे मिळत. नोकरदार तरुणाला स्पोर्ट्स कार घेता येते, हे लोकांनी पहिल्यांदा पाहिले. १९३२ पर्यंत अशा ३,२३५ गाड्या बनल्या. एमजीला जुनी जागा अपुरी पडू लागली आणि कंपनी ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावात गेली.

याच मिजेटची ‘स्पोर्ट्समन्स कूपे’ नावाची बंद छताची आवृत्तीही आली. तिची किंमत होती २४५ पौंड. म्हणजे इंजिन तेच, चासी तीच, पण छत आणि बंद केबिनसाठी ग्राहकाला ७० पौंड जास्त मोजावे लागत. कूपेचे हे गणित आजही फारसे बदललेले नाही.

मग शर्यतींचा नाद कुठे नडला?

मिजेट लोकप्रिय होताच ग्राहक ती शर्यतीत उतरवू लागले. १९३० मध्ये ब्रुकलँड्सच्या ‘डबल ट्वेल्व्ह’ शर्यतीत मिजेटच्या चमूने सांघिक पारितोषिक जिंकले. फेब्रुवारी १९३१ मध्ये जॉर्ज आयस्टन यांनी फ्रान्समधल्या माँतलेरी ट्रॅकवर ७५० सीसी गटात पहिल्यांदाच ताशी १०० मैलांचा टप्पा ओलांडला, तोही एमजीच्याच गाडीतून. १९३३ मध्ये इटलीतल्या मिले मिलिया शर्यतीत एमजीच्या के-३ मॅग्नेट गाड्यांनी सांघिक पारितोषिक मिळवले. त्याच वर्षी ताझिओ नुव्होलारी या दिग्गज इटालियन चालकाने के-३ घेऊन आयर्लंडमधली टूरिस्ट ट्रॉफी जिंकली.

यातून नाव झाले, पण खर्चही वाढला. के-३ची किंमत होती ७९५ पौंड. मिजेटच्या साडेचार पट! अशा अवघ्या ३३ गाड्या बनल्या. दरवर्षी नवे मॉडेल, नवे इंजिन, नवी चासी असे चक्र सुरू झाले. घरगुती गाडीचे भाग वापरून किंमत खाली ठेवायची, हे मूळ सूत्र मागे पडत चालले. एमजीच्या गाड्या शर्यती जिंकत होत्या, पण त्यातल्या अनेक सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेर होत्या.

शिवाय कंपनी किंबर यांची नव्हतीच. मालकी विल्यम मॉरिस यांची होती. १९३५ मध्ये त्यांनी एमजी ही मॉरिस मोटर्स या आपल्याच मोठ्या कंपनीकडे सोपवली. तिथले व्यवस्थापकीय संचालक लेनर्ड लॉर्ड यांनी जुलै १९३५ मध्ये एमजीचा शर्यत विभाग बंद केला आणि आरेखन विभागही ॲबिंग्डनहून हलवला. ज्या माणसाने हा ब्रँड घडवला, त्याला आता नव्या गाडीसाठी वरून परवानगी घ्यावी लागत होती.

शर्यती बंद झाल्यावर काय झाले?

चाहत्यांना वाटले, एमजी संपली. घडले वेगळेच. १९३६ मध्ये आलेल्या ‘टीए’ मिजेटमध्ये १,२९२ सीसीचे, मॉरिस समूहातल्या कौटुंबिक गाडीचे साधे इंजिन होते. किंमत २२२ पौंड. जुन्या चाहत्यांनी नाके मुरडली. पण गाडी आरामदायी, दणकट आणि दुरुस्तीला सोपी होती. सुमारे ३,००० गाड्या विकल्या गेल्या. नकळत एमजी पुन्हा १९२८च्या सूत्रावर आली होती. याच ‘टी’ मालिकेने पुढची जवळपास वीस वर्षे कंपनी तारली.

किंबर यांची अखेर कशी झाली?

दुसरे महायुद्ध सुरू होताच गाड्यांचे उत्पादन थांबले. कारखाना रिकामा बसू नये म्हणून किंबर यांनी अल्बेमार्ल या लष्करी विमानाच्या पुढच्या भागाचे काम मिळवले. वरिष्ठांना न विचारता घेतलेला हा निर्णय त्यांना महागात पडला. नोव्हेंबर १९४१ मध्ये त्यांना राजीनामा द्यायला लावण्यात आले. वीस वर्षे ज्या नावासाठी खपले, त्याच्याशी असलेला संबंध असा एका झटक्यात तुटला. पुढे त्यांनी कॉव्हेंट्रीतल्या एका बॉडी बनवणाऱ्या कंपनीत आणि नंतर पिस्टन बनवणाऱ्या कंपनीत काम केले.

४ फेब्रुवारी १९४५, रविवार. कामानिमित्त निघालेले किंबर लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून संध्याकाळी सहाच्या लीड्स गाडीत बसले. स्थानकाबाहेरच्या बोगद्यात चढावर इंजिनाची चाके घसरू लागली. गाडी पुढे सरकण्याऐवजी अंधारात मागे घरंगळली. शेवटचा डबा रुळांवरून उतरून सिग्नलच्या खांबावर आदळला. या अपघातात दोन जणांचा मृत्यू झाला. त्यातले एक होते सेसिल किंबर. वय ५६. महायुद्ध संपायला काही महिनेच उरले होते.

त्यांच्यानंतर एमजीचे काय झाले?

त्याच वर्षी आलेल्या एमजी ‘टीसी’च्या १०,००० गाड्या बनल्या. अमेरिकेत ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे वेड पसरवण्यात तिचा मोठा वाटा होता. १९५५ मध्ये ‘एमजीए’ आणि १९६२ मध्ये ‘एमजीबी’ आली. एमजीबीच्या पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या आणि १९६५ पासून तिची ‘जीटी’ ही कूपेही मिळू लागली. ॲबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला.

भारताशी याचे एक नाते आहे. आपली ॲम्बेसेडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. अनेक वर्षे तिच्यात असलेले १,४८९ सीसीचे ‘बी-सीरिज’ इंजिन आणि सुरुवातीच्या एमजीए स्पोर्ट्स कारचे इंजिन एकाच कुळातले. आपल्याकडे जे इंजिन सरकारी अधिकाऱ्यांच्या गाडीत आणि टॅक्सीत धावले, त्याच्याच भावंडाने तिकडे तरुणांना वेगाची चटक लावली.

आज एमजीची मालकी चीनच्या एसएआयसी समूहाकडे आहे. भारतात हा ब्रँड २०१९ मध्ये हेक्टर घेऊन आला आणि आता त्यात जेएसडब्ल्यू समूह भागीदार आहे. सायबरस्टर ही एमजीची दोन आसनी इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार २०२५ मध्ये भारतात दाखल झाली. तिची किंमत ७० लाखांहून अधिक आहे. १७५ पौंडांच्या मिजेटचा वारसा सांगणाऱ्या नावासाठी ही लांबची मजल आहे.

आज कूपे निवडताना यातून काय घ्यावे?

पहिली गोष्ट, परवडणारी स्पोर्ट्स कार म्हणजे महागड्या गाडीची स्वस्त नक्कल नव्हे. साध्या गाडीचे विश्वासू भाग घेऊन केलेली ती वेगळी मांडणी असते. एप्रिल १९६४ मध्ये आलेली फोर्ड मस्टँग २,३६८ डॉलरपासून मिळत होती, कारण ती फाल्कन या कौटुंबिक गाडीच्या भागांवर उभी होती. म्हणून कूपे पाहताना आधी विचारावे, हिच्याखाली कोणती गाडी आहे? तिचे सुटे भाग आपल्या शहरात मिळतात का?

दुसरी, फक्त अश्वशक्तीच्या आकड्याला भुलू नये. सोबत वजनही पाहावे. मिजेटची गंमत २० अश्वशक्तीत नव्हती, ती हलकेपणात होती.

तिसरी, छताच्या उतारासाठी आपण किती पैसे जास्त देतो, याचा हिशेब करावा. इंजिन, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन साध्या मॉडेलचेच असेल, तर जास्तीची रक्कम दिसण्यासाठी जाते. दिसणे आवडत असेल तर त्यात चूक नाही. पण आपण कशाचे पैसे देतोय, हे माहीत असावे.

चौथी, गाडी घेण्याचा खर्च आणि ती वापरण्याचा खर्च वेगळा. विमा, टायर, सर्व्हिसिंग हे सगळे मासिक हप्त्याच्या शेजारी लिहून पाहावे. जिंकणारी के-३ मोजक्यांनाच परवडली. वर्षानुवर्षे लोकांच्या दारात उभी राहिली ती सहज दुरुस्त होणारी ‘टी’ मालिका.