रखमाबाई आणि गौरवाचे निकष

जानेवारीच्या तीन तारखेला आणि मार्चच्या आठ तारखेला शाळाशाळांतून थोर स्त्रियांच्या तसबिरी भिंतीवरून खाली उतरतात, त्यांच्यावरील धूळ पुसली जाते आणि त्यांना हार घातले जातात. पाठ केलेली भाषणे होतात. पहिली शिक्षिका कोण, पहिली डॉक्टर कोण, अशा प्रश्नांच्या स्पर्धा होऊन बक्षिसे वाटली जातात. ‘पहिली’ हा शब्द ज्यांच्या नावामागे सहजी लागत नाही त्यांची या समारंभांत मोठी अडचण होते. डॉ. रखमाबाई ही अशीच एक अडचण होय.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा आणि आनंदीबाई जोशी यांचा ३१ मार्च १८६५ चा. म्हणजे दोघींच्या वयांत जेमतेम चार महिन्यांचे अंतर. अमेरिकेतून वैद्यकाची पदवी घेऊन परतलेल्या आनंदीबाईंचे २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने निधन झाले आणि सनातनी मंडळींसह सारे पुणे हळहळले. त्यानंतर सहाव्याच दिवशी, ४ मार्चला, मुंबईच्या उच्च न्यायालयात न्या. फॅरन यांनी रखमाबाईंना एक हुकूम दिला. एका महिन्याच्या आत नवऱ्याकडे नांदावयास जावे, अन्यथा सहा महिने तुरुंगात काढावे! रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी जाहीर केली. त्यांच्यासाठी मात्र तेवढी हळहळ वाटली नाही.

या भेदाचे कारण उघड आहे. आनंदीबाई समुद्र ओलांडून गेल्या, परंतु त्या पतीच्या इच्छेने, किंबहुना त्याच्या आग्रहाने गेल्या. रखमाबाई आपल्या शहरातच राहिल्या आणि पतीला ‘नाही’ म्हणाल्या. समाजाच्या हिशेबी समुद्र ओलांडण्यापेक्षा हे उल्लंघन फार मोठे होते. आनंदीबाईंचे कर्तृत्व याने तिळमात्र उणे होत नाही. उणेपणा असलाच तर तो गौरव करणाऱ्यांच्या मापात आहे.

अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लागले होते. आई जयंतीबाई विधवा झाल्यावर त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला होता. सुतार समाजात त्याला आडकाठी नव्हती. या सावत्र वडिलांच्या घरी रखमाबाई वाढल्या आणि शिकल्या. नवऱ्याच्या घरी त्या नांदावयास गेल्याच नाहीत. १८८४ साली दादाजींनी वैवाहिक हक्कांसाठी दावा लावला. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला. अजाणत्या वयात संमतीवाचून लग्न झालेल्या स्त्रीला बळाने नवऱ्याच्या स्वाधीन करणे त्यांना मान्य नव्हते. अपिलात हा निकाल फिरला आणि प्रकरण फॅरन यांच्यापुढे आले. याच काळात ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने बालविवाहावर पत्रे प्रसिद्ध झाली. ती रखमाबाईंची होती. मलबारी त्यांच्या पाठीशी राहिले. टिळकांनी विरुद्ध बाजूने लेखणी चालविली. टिळकांच्या जयंतीच्या भाषणांतून हा भाग सहसा गाळला जातो.

राणी व्हिक्टोरियाने मध्ये पडून हा विवाह रद्द केला, अशी कथा अद्याप सांगितली जाते. वस्तुतः १८८८ च्या जुलैमध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली. स्वातंत्र्याची किंमत रोखीने चुकविली गेली, हे गौरवपर भाषणात शोभत नसल्यामुळेच बहुधा राणी मदतीला आणावी लागते.

रखमाबाईंचे नाव जिथे निघते तिथेही गोष्ट बहुतेक येथेच संपविली जाते. त्यांचे खरे आयुष्य यानंतर सुरू झाले. १८८९ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयात शिकल्या आणि १८९४ मध्ये ब्रसेल्सची एम.डी. ही पदवी घेऊन परतल्या. १८९५ पासून सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात आणि पुढे राजकोट येथे मिळून सुमारे पस्तीस वर्षे त्यांनी काम केले. बाळंतपणे, तान्ह्या मुलांची दुखणी आणि मधूनच प्लेगची साथ! पुरुष डॉक्टरपुढे येण्याची मुभा नसलेल्या स्त्रियांना तपासणारे हात त्यांचे होते. खटला चार वर्षे चालला, रुग्णसेवा त्याच्या जवळजवळ नऊपट. तरी शाळांना सांगण्याजोगे वाटते ते पहिलेच. रोजच्या कामाला तारीख नसते आणि तारखेवाचून जयंतीचा फलक लिहिता येत नाही. नववी-दहावीच्या वर्गात एखादा तास हारतुऱ्यांऐवजी या खटल्याला दिला, एका मुलीला पिन्ही आणि दुसरीला फॅरन करून निकालाची कारणे मांडावयास लावली, तर त्यात मुख्याध्यापकांना खर्च काहीच येणार नाही. पालकांचे दोन-चार निषेध मात्र येतील.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदाव्या वर्षी, रखमाबाई निवर्तल्या. त्याच वर्षी १८ मे रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंना जो मिळाला नव्हता, तो घटस्फोटाचा मार्ग या कायद्याने हिंदू स्त्रियांना खुला केला. मात्र ज्या मागणीवर दादाजी न्यायालयात गेले होते, ती वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेची मागणी त्याच कायद्याच्या नवव्या कलमात राहिली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम वैध ठरविले.