मार्कोनी: खडकी-दौंडच्या बिनतारीपासून तुमच्या फाइव्ह-जीपर्यंत

मित्रांनो, पिंगळी स्टेशनच्या फलाटावर उभं राहून तुम्ही रील बघता, तेव्हा फोन आणि टॉवर यांच्यामध्ये एकही तार नसते. बिनतारी संदेश प्रयोगशाळेतून बाहेर काढून जगभर पोचवणारा माणूस म्हणजे गुग्लिएल्मो मार्कोनी. त्याचं एक काम आपल्या महाराष्ट्रातही झालंय! चला, जाणून घेऊया.

माळ्यावरचा मुलगा

जन्म 25 एप्रिल 1874, इटलीतल्या बोलोन्या शहरात. हातात पदवी नाही. हर्ट्झच्या प्रयोगांबद्दल वाचून त्याने घराच्या माळ्यावर उपकरणं जुळवली. 1895 मध्ये सिग्नल टेकडीपलीकडे पोचला, तेव्हा भावाने बंदुकीचा बार काढून खूण केली. इटलीत पाठबळ मिळेना, म्हणून 1896 मध्ये आईबरोबर त्याने लंडन गाठलं आणि पेटंटसाठी अर्ज केला.

चालू-बंदची भाषा

डिसेंबर 1901 मध्ये इंग्लंडहून निघालेले तीन टिंब, म्हणजे मोर्सचं 'एस' अक्षर, अटलांटिकपार सुमारे 3,500 किमीवर ऐकल्याचं त्याने जाहीर केलं. सिग्नल कधी चालू, कधी बंद. आजच्या डिजिटल रेडिओतले 0 आणि 1 याच कुळातले, फक्त वेग प्रचंड वाढलाय. सगळे एकदम बोलले तर गोंधळ होणार, म्हणून ठरावीक फ्रिक्वेन्सीवर जुळवणी करण्याचं पेटंट त्याने 1900 मध्येच अर्जात मांडलं होतं. आज प्रत्येक मोबाईल कंपनीला वेगळा बँड मिळतो, तो याच कारणाने.

1912 मध्ये टायटॅनिक बुडालं. मार्कोनी यंत्रावरून गेलेल्या हाकेमुळे 700 हून जास्त जीव वाचले. पण जवळच्या एका जहाजाचा ऑपरेटर झोपला होता! त्यानंतर रेडिओवर चोवीस तास पहारा ठेवायचा नियम आला.

श्रेय कुणाचं?

1901 च्या प्रयोगातला पाऱ्याचा डिटेक्टर जगदीशचंद्र बोस यांनी 1899 मध्ये मांडलेल्या डिटेक्टरसारखाच होता. 1909 चं नोबेल मात्र मार्कोनी आणि ब्राऊन यांना मिळालं. पुढे मार्कोनी मुसोलिनीच्या पक्षातही गेला. मोठा माणूस, पण डागाशिवाय नाही.

खडकी आणि दौंड

1927 मध्ये मार्कोनीच्या बीम पद्धतीने भारत-इंग्लंड बिनतारी सेवा सुरू झाली. संदेश पाठवायचं केंद्र पुण्याजवळ खडकीला, घ्यायचं दौंडला. दोन्ही एकाच जागी का नाही? स्वतःच्याच जोरदार आवाजात दूरचा बारीक सिग्नल ऐकू येत नाही ना! तुमचा फोन हीच अडचण फ्रिक्वेन्सी किंवा वेळ वाटून सोडवतो. आणि लहरी चहूकडे न उधळता एका दिशेला सोडायच्या, ही बीमची युक्ती आज फाइव्ह-जीच्या टॉवरवर दिसते.

20 जुलै 1937 ला रोममध्ये तो वारला, तेव्हा रेडिओ केंद्रं दोन मिनिटं गप्प राहिली. पुण्याला जाताना गाडी दौंडला थांबली, की फोनकडे एकदा बघा. ही गोष्ट नक्की आठवेल!