हेलन केलरला गुरू कशी सापडली?



हेलन केलर हे नाव आपल्यापैकी अनेकांनी शाळेत असताना ऐकले आहे. डोळ्यांनी दिसत नाही, कानांनी ऐकू येत नाही, तरीही ती पदवीधर झाली, एवढे आपल्याला ठाऊक असते. पण तिच्या आईवडिलांना मदत सापडली कशी, हे फारसे सांगितले जात नाही. आज आपण तेच पाहू या.

हेलनचा जन्म २७ जून १८८० रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कंबिया या लहान गावी झाला. एकोणीस महिन्यांची असताना ती आजारी पडली आणि तिची दृष्टी व श्रवणशक्ती कायमची गेली. मनातले सांगता येत नसल्यामुळे ती चिडायची, लाथा मारायची. या मुलीला काही शिकवता येईल का, अशी शंका नातलगांनाही वाटू लागली.

तिच्या आईने चार्ल्स डिकन्स यांचे अमेरिकेचे प्रवासवर्णन वाचले होते. त्यात लॉरा ब्रिजमन या मुलीची हकिगत होती. लॉराही अंध व बधिर होती, पण बॉस्टनच्या पर्किन्स संस्थेत डॉ. हाऊ यांनी तिला शिकवले होते. मात्र डॉ. हाऊ १८७६ साली वारले होते. त्यांच्याबरोबर ती विद्याही संपली असेल, असे समजून आई निराश झाली.

तरी आईवडिलांनी शोध सोडला नाही. १८८६ मध्ये वडील हेलनला घेऊन बाल्टिमोरच्या नेत्रतज्ज्ञाकडे गेले. डोळ्यांवर उपाय नाही, पण मुलगी शिकू शकेल, असे त्यांनी सांगितले आणि वॉशिंग्टनला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्याकडे पाठवले. टेलिफोनचे जनक बेल हे बधिरांचे शिक्षकही होते. त्यांनी पर्किन्स संस्थेला पत्र लिहायला सांगितले. आईला जी विद्या संपली असे वाटले होते, ती त्या संस्थेने जपून ठेवली होती! काही आठवड्यांतच शिक्षिका मिळाल्याचे उत्तर आले.

ही शिक्षिका म्हणजे अ‍ॅन सलिव्हन, गरीब आयरिश कुटुंबातील मुलगी. तिची नजर अधू होती. लहानपणी ती धाकट्या भावासह गरिबांच्या सरकारी आश्रयगृहात राहिली. भाऊ तिथेच वारला. १८८० साली तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांच्या मागे धावत जाऊन तिने शाळेत पाठवण्याची विनवणी केली. अशी ती पर्किन्सला पोहोचली आणि तिथे बोटांची लिपी शिकली.

३ मार्च १८८७ रोजी ती हेलनच्या घरी आली. महिनाभराने पंपाचे पाणी हेलनच्या एका हातावर सोडून तिने दुसऱ्या हातावर पाणी हा शब्द बोटांनी लिहिला. प्रत्येक वस्तूला नाव असते, हे त्या क्षणी हेलनला उमगले. १९०४ मध्ये ती पदवीधर झाली. पुढे हेलनबाईंनी अंधांसाठी देशोदेशी प्रवास केला. १९५५ मध्ये त्या भारतातही आल्या. १ जून १९६८ रोजी त्यांचे निधन झाले.

या कथेत एका पुस्तकाने, एका डॉक्टरने, एका शास्त्रज्ञाने पुढची वाट दाखवली. यांतला एकही दुवा निखळला असता तर? हेलन कदाचित घराच्या कोपऱ्यातच राहिली असती.

आपल्या शेजारीही असे मूल असू शकते. पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत ठेवले जात असेल. त्या आईवडिलांना दोष देऊ नका. त्यांना वाट ठाऊक नसेल. मुंबईत १९५२ पासून अंधांसाठी राष्ट्रीय संघटना कार्यरत आहे. वांद्र्याला बधिरांसाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. ज्यांना दिसत नाही व ऐकूही येत नाही, अशांसाठी हेलनबाईंच्याच नावाची संस्था १९७७ मध्ये मुंबईत सुरू झाली. २०१६ च्या कायद्याने अशा दुहेरी अपंगत्वाची स्वतंत्र दखल घेतली आहे.

त्या घरी जाऊन एवढी माहिती द्या आणि गरज पडल्यास सोबतही जा. बेल यांनी हेलनला स्वतः शिकवले नाही. त्यांनी फक्त योग्य पत्ता सांगितला. तेवढे तर आपल्या सर्वांनाच जमेल.