विष्णु वासुदेव नारळीकर

विष्णु वासुदेव नारळीकर (२६ सप्टेंबर १९०८, कोल्हापूर – १ एप्रिल १९९१, पुणे) हे व्यापक सापेक्षता सिद्धांतावर संशोधन करणारे मराठी गणितज्ञ होते. कृष्णविवर हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी त्या वस्तूंच्या गणिताला उपयोगी पडलेले काम त्यांनी व त्यांच्या शिष्यांनी बनारस येथे केले.

जीवन

संस्कृत विद्येची परंपरा असलेल्या घरात त्यांचा जन्म झाला. मुंबईत पदवी घेऊन ते १९२८ मध्ये केंब्रिजला गेले आणि १९३० मध्ये रँग्लर झाले. तेथे त्यांना खगोलशास्त्रासाठी टायसन पदक व पुढे रॅले पारितोषिक मिळाले. इंग्लंडात संशोधनाची वाट मोकळी असताना पंडित मदनमोहन मालवीय यांच्या बोलावण्यावरून १९३२ मध्ये ते बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले. तेव्हा त्यांचे वय जेमतेम चोवीस होते. पुढील अठ्ठावीस वर्षे ते तेथेच राहिले. त्या काळात व्यापक सापेक्षता हा विषय जगभर मागे पडलेला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या निवडीचे मोल कळते.

संशोधन

कार्ल श्वार्झशिल्ड यांनी १९१६ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांची जी उकल दिली, तिच्यानुसार जड वस्तूजवळचे घड्याळ दूरच्या घड्याळापेक्षा मंद चालते. सूर्याचे सारे वस्तुमान सुमारे ३ किलोमीटर त्रिज्येत कोंबले तर त्याचे कृष्णविवर होईल. केंद्रापासून ४ किलोमीटरवर स्थिर धरलेल्या घड्याळात एक तास होईतो दूरच्या निरीक्षकाचे दोन तास उलटतील. ३ किलोमीटरच्या सीमेजवळ, म्हणजे घटना क्षितिजाजवळ, ही तफावत अमर्याद वाढते. आत पडणारा मनुष्य दुरून अधिकाधिक मंद, लालसर व अंधूक होताना दिसेल. सीमा ओलांडताना तो कधीच दिसणार नाही. त्याच्या स्वतःच्या घड्याळात मात्र काहीच थांबत नाही. तो सीमा पार करतो आणि सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यांतील फार तर सोळा भागांत केंद्राशी पोहोचतो. (एवढ्या लहान विवरापाशी डोके व पाय यांवरील ओढीतला फरकच त्याला सीमेपूर्वी फाडून टाकील, ही गोष्ट वेगळी.)

सीमेवर समीकरणे कोलमडतात ती निसर्गामुळे की निवडलेल्या मोजपट्टीमुळे? याचा निर्णय वक्रतेच्या अशा राशींवरून करता येतो, ज्यांचे मूल्य कोणत्याही निरीक्षकाने काढले तरी तेच येते. नारळीकर आणि के. आर. करमरकर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस अशा १४ राशींची मांडणी केली. श्वार्झशिल्ड यांच्या उकलीत वक्रतेची अशी राशी सीमेवर मर्यादित राहते व केंद्राशी अनंत होते. म्हणजे सीमेवरचा दोष मोजपट्टीचा, केंद्रावरचा खरा.

१९४२ मध्ये प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे गुजराती तरुण नोकरी नसताना, केवळ शिकण्यासाठी त्यांच्याकडे आले. श्वार्झशिल्ड यांची उकल प्रकाश न देणाऱ्या वस्तूची होती. तारा तर प्रकाशतो, आणि प्रकाशाबरोबर त्याचे वस्तुमानही घटते. अशा ताऱ्याच्या गुरुत्वक्षेत्राची उकल वैद्यांनी शोधली व १९४३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. आज ती वैद्य उकल म्हणून ओळखली जाते. प्रारण गिळून वाढणाऱ्या किंवा प्रारण टाकून क्षीण होणाऱ्या कृष्णविवराच्या अभ्यासात ती वापरतात. परंतु तिचे महत्त्व ओळखले जाण्यास दोन दशके लागली.

उत्तरकाळ

१९६० मध्ये बनारस सोडून ते राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. एवढा गणितज्ञ सहा वर्षे प्रशासनात राहिला, याची हळहळ वाटते. त्यानंतर पुणे विद्यापीठात ते लोकमान्य टिळक प्राध्यापक होते. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या, सापेक्षता व गुरुत्वाकर्षण या विषयांच्या भारतीय संघटनेचे ते पहिले अध्यक्ष होत.

त्यांच्या पत्नी सुमती या संस्कृतच्या विदुषी होत्या. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर हे त्यांचे पुत्र होत.