मातीतून औषध शोधणारे वॅक्समन



आपल्या घरात ऐंशी ओलांडलेले कोणी वडीलधारे असतील तर त्यांना क्षयाच्या सुईबद्दल जरूर विचारा. त्या काळी या रोगाचे नाव घरात मोठ्याने घेत नसत. मुलीचे लग्न अडेल या भीतीने ‘छातीचे दुखणे’ एवढेच मोघम सांगत. ज्यांची ऐपत होती ते रोग्याला मिरजेच्या किंवा पाचगणीच्या आरोग्यधामात ठेवीत. उपचार म्हणजे दूध, अंडी, मोकळी हवा आणि विश्रांती. ज्यांची ऐपत नव्हती त्यांचे काय होत असे ते सांगायला नको. या रोगावर पहिले खरे परिणामकारक औषध निघाले ते स्ट्रेप्टोमायसिन, आणि ते शेतातल्या मातीत राहणाऱ्या एका जिवाणूपासून निघाले. ज्यांच्या प्रयोगशाळेत ते सापडले त्या सेल्मन वॅक्समन यांचे चरित्र आपल्यापुढे ठेवीत आहे. ते सर्वस्वी गोड नाही, हे आधीच सांगतो.

वॅक्समन यांचा जन्म २२ जुलै १८८८ रोजी आजच्या युक्रेनमधील नोवा प्रिलुका या खेड्यात एका ज्यू कुटुंबात झाला. तो मुलूख तेव्हा रशियाच्या झारच्या अमलाखाली होता आणि सरकारी शाळांत ज्यू मुलांसाठी जागा मोजून ठेवलेल्या असत. त्यामुळे त्यांचे बरेचसे शिक्षण खासगी शिकवणीवर झाले. शेवटी १९१० साली ओदेसा येथे बाहेरून परीक्षा देऊन ते मॅट्रिक झाले. घराचा भार आईवर होता. ती छोटा व्यापार सांभाळी. धाकटी बहीण लहानपणीच घटसर्पाने दगावली होती. १९०९ मध्ये आईही गेली. मग त्या घरात त्यांना धरून ठेवणारे काही उरले नाही आणि पुढच्याच वर्षी त्यांनी अमेरिकेची बोट धरली.

न्यू जर्सी राज्यात मेटचन गावाजवळ एका नातेवाइकाची शेती होती. वॅक्समन तिथे राहिले आणि शेतीची कामे शिकले. डॉक्टर होण्याचा विचार त्यांच्या मनात होता, परंतु जवळच्या रटगर्स महाविद्यालयात जेकब लिपमन नावाचे मृदा-जीवाणुतज्ज्ञ होते. तेही रशियातूनच आलेले. त्यांनी या तरुणाला शेतकीकडे वळविले. राज्य सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१५ साली वॅक्समन पदवीधर झाले. पुढे कॅलिफोर्नियात डॉक्टरेट घेऊन १९१८ मध्ये ते पुन्हा रटगर्सलाच आले, ते कायमचे.

विद्यार्थी असतानाच त्यांना एक नाद लागला होता. शेतात चर खणायचा, निरनिराळ्या खोलीवरची माती घ्यायची आणि तीत कोणते जीव किती आहेत ते मोजायचे. या मोजणीत ॲक्टिनोमायसिट्स नावाचे जिवाणू त्यांच्या नजरेत भरले. हे जिवाणूच, पण बुरशीसारखे धागे काढून वाढतात. पालापाचोळ्यातले जे चिवट पदार्थ इतरांना पचत नाहीत तेही यांतले कित्येक फोडतात आणि त्यांची माती करतात. पहिल्या पावसानंतर जमिनीला जो वास सुटतो तो मुख्यतः यांचाच. त्या काळी या जिवाणूंकडे फारसे कोणी बघत नसे. वॅक्समन मात्र वीस-पंचवीस वर्षे त्यांच्यामागे होते. जातींची वर्गवारी केली, १९२७ मध्ये मृदा-सूक्ष्मजीवशास्त्रावर भला मोठा ग्रंथ लिहिला. औषध शोधणे हा तेव्हा त्यांचा हेतूच नव्हता. १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यांच्या प्रयोगशाळेत क्षयाचे जंतू मातीत टिकत नाहीत असे दिसले, तरी त्यांनी त्याचा पाठपुरावा केला नाही. धागा हातात आला आणि सुटला.

तो पुन्हा हाती दिला त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने. रेने ड्यूबो या फ्रेंच तरुणाने १९३९ साली मातीतल्या एका जिवाणूपासून इतर जंतूंना मारणारा पदार्थ मिळविला. तो पोटात देण्याजोगा किंवा टोचण्याजोगा नव्हता, पण वाट दिसली. मातीत मुंगीच्या वारुळाहूनही दाट वस्ती असते. तिथे जागेसाठी व अन्नासाठी चढाओढ चालते आणि काही जिवाणू शेजाऱ्याला रोखणारी रसायने सोडतात. ती शोधण्याची पद्धत वॅक्समन यांनी बसवून दिली. चिमूटभर माती पाण्यात भरपूर पातळ करायची, तिचा थेंब अगरच्या बशीत पसरायचा, आणि उगवलेल्या ठिपक्यांपैकी ज्याच्याभोवती दुसरे जंतू वाढत नाहीत, स्वच्छ कडे पडते, तो ठिपका उचलायचा. मग तोच वेगळा वाढवून त्याचा रस तपासायचा. असे हजारो ठिपके तपासले. १९४० साली ॲक्टिनोमायसिन मिळाले, पण ते जंतूंबरोबर प्राण्यालाही मारी. (पुढे त्याचाच एक प्रकार लहान मुलांच्या मूत्रपिंडाच्या कर्करोगावर उपयोगी पडला.) १९४२ चे स्ट्रेप्टोथ्रायसिनही विषारीच निघाले. अशा औषधांना ‘अँटिबायॉटिक’ हे नाव आज जगभर आहे, ते रूढ केले वॅक्समन यांनीच.

१९४३ च्या जूनमध्ये सैन्यातून पाठदुखीमुळे सुटून आलेला अल्बर्ट शॅट्झ हा तेवीस वर्षांचा विद्यार्थी प्रयोगशाळेत रुजू झाला. महिना चाळीस डॉलरवर तो काम करी. क्षयाच्या जंतूंवर काम करण्याचे त्याने मागून घेतले. हे जंतू हवेतून पसरतात, म्हणून त्याला तळघरातली खोली मिळाली. रात्री तो तिथेच झोपे, आणि उपकरणातला द्रव खुणेच्या खाली गेला की पहारेकरी त्याला उठवी. १९ ऑक्टोबर १९४३ रोजी त्याच्या हाती एकाच जातीचे दोन नमुने लागले, एक भरपूर खत घातलेल्या शेतातला आणि दुसरा एका कोंबडीच्या घशातला. त्या जातीचे नाव स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस. पेनिसिलिन जिथे हात टेकी असे जंतू आणि क्षयाचेही जंतू याच्या रसाने मरत. जानेवारी १९४४ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला, त्यावर पहिले नाव शॅट्झचे, मग एलिझाबेथ बुगी या विद्यार्थिनीचे आणि शेवटी वॅक्समन यांचे.

पुढे मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी गिनीपिगवर आणि मग माणसांवर औषध वापरून पाहिले. ब्रिटनमध्ये १९४६ पासून काटेकोर चाचणी झाली. सहा महिन्यांत औषध दिलेल्या ५५ रोग्यांपैकी ४ गेले, नुसती विश्रांती दिलेल्या ५२ पैकी १४ गेले. मात्र जंतू लवकरच औषधाला सरावतात, आणि काहींचे कान व तोल बिघडतो, हेही लक्षात आले. म्हणून जोडीला दुसरी औषधे द्यावी लागली. आज नव्या रोग्याला सहसा स्ट्रेप्टोमायसिन देत नाहीत. परंतु त्याला ज्या गोळ्या मिळतात त्यांतले रिफाम्पिसिनही मातीतल्या अशाच धागेदार जिवाणूपासून निघाले आहे.

आता कडू भाग. पेटंटवर नावे दोघांची होती, पण दोघांनीही हक्क रटगर्सच्या संस्थेला लिहून दिले होते. शॅट्झची समजूत अशी की कोणीच पैसे घेत नाही. प्रत्यक्षात वॅक्समन यांना स्वामित्वधनाचा वाटा मिळत होता. शिवाय वर्तमानपत्रांत नाव एकट्या गुरूचेच येई. १९५० मध्ये शॅट्झने फिर्याद केली. त्याच वर्षी तडजोड झाली. त्याला सहसंशोधक म्हणून मान्यता आणि ३ टक्के मिळाले, वॅक्समन यांच्याकडे १० टक्के राहिले, काही वाटा प्रयोगशाळेतल्या इतरांना गेला. तरी १९५२ चे नोबेल पारितोषिक एकट्या वॅक्समन यांना मिळाले. गुरूवर खटला भरणाऱ्या शॅट्झला मोठ्या प्रयोगशाळांची दारे बंदच राहिली.

मी शिक्षक आहे, त्यामुळे या प्रकरणात माझे मन दोन्हीकडे ओढले जाते. कुठे खणायचे आणि कसे ओळखायचे हे वॅक्समन यांनी आयुष्य घालून शिकविले नसते तर शॅट्झचा हात त्या बशीपर्यंत पोहोचला नसता. पण तळघरातल्या त्या रात्री गुरूच्या नव्हत्या. शिष्याचे नाव आपल्या तोंडून घेतले असते तर वॅक्समन यांचे काय कमी झाले असते? मला तरी काही दिसत नाही.

पैशाच्या बाबतीत मात्र त्यांना लोभी म्हणता येत नाही. हे औषध एकाच कंपनीच्या मुठीत राहू नये म्हणून त्यांनी मर्क कंपनीला एकाधिकार सोडायला लावला. स्वतःच्या वाट्यातली निम्मी रक्कम सूक्ष्मजीवशास्त्राच्या संशोधनासाठी न्यासाला दिली. १९५४ साली रटगर्समध्ये या विषयाची स्वतंत्र संस्था उभी राहिली, तीही या औषधाच्या उत्पन्नातून. त्याच वर्षी आपल्याकडे पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तिथे पेनिसिलिनमागोमाग स्ट्रेप्टोमायसिनही तयार होऊ लागले, आणि तिथल्याच शास्त्रज्ञांनी याच कुळातल्या एका जिवाणूपासून बुरशीनाशक हमायसिन काढले. त्या जिवाणूच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव आहे.

वॅक्समन १६ ऑगस्ट १९७३ रोजी वारले. शोधाला पन्नास वर्षे झाल्यानिमित्त १९९४ मध्ये रटगर्सने शॅट्झ यांना बोलावून विद्यापीठाचे पदक दिले. तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते.