गोपाळ कृष्ण गोखले

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. गोपाळ तेरा वर्षांचा असतानाच वडील वारले. थोरले भाऊ गोविंदराव यांनी शिक्षण सोडून नोकरी धरली. पंधरा रुपये पगारातून ते दरमहा आठ रुपये गोपाळच्या शिक्षणासाठी पाठवत. १८८४ साली गोखले मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले आणि पुण्यात शिक्षक म्हणून काम करू लागले.

गोखले भिडस्त आणि हळव्या स्वभावाचे होते. गर्जना करून सभा जिंकणे हे आपले काम नव्हे, हे त्यांनी लवकर ओळखले. मात्र गणित त्यांना चांगले येत होते आणि मेहनतीचा त्यांना कंटाळा नव्हता. न्यायमूर्ती रानडे यांना त्यांनी गुरू मानले. सरकारी अहवाल वाचायचे, आकडे तपासायचे, पुराव्याशिवाय बोलायचे नाही, अशी शिस्त त्यांना तेथे लागली.

ही शिस्त एकदाच सुटली. १८९७ साली एका आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले इंग्लंडला गेले होते. तेव्हा पुण्यात प्लेगची साथ होती. रोगी शोधण्यासाठी गोरे सैनिक घरोघर शिरत होते. त्यांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे पुण्याच्या मित्रांनी पत्रांतून कळवले. गोखल्यांनी ती हकिकत तेथील वर्तमानपत्रात दिली. मोठी खळबळ उडाली. परत आल्यावर त्यांनी पुरावे मागितले, पण पत्रे लिहिणारे पुढे येईनात. त्यांची नावे सांगून गोखले मोकळे होऊ शकले असते. तसे त्यांनी केले नाही. खात्री न करता आपण बोललो, हे कबूल करून त्यांनी जाहीर माफी मागितली.

लोक संतापले. भित्रा म्हणून त्यांची निंदा झाली. लोकांच्या रागातही तथ्य होते, कारण साथीच्या काळात पुण्यात जुलूम झालाच होता. गोखल्यांना हे सारे फार लागले. पण ते घरात बसून राहिले नाहीत. पुढच्या वर्षी प्लेगनिवारणाच्या कामात ते स्वयंसेवक म्हणून राबले.

१८९९ मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळात आणि १९०२ मध्ये कलकत्त्याच्या मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून गेले. तेथे सरकारच्या अंदाजपत्रकावरील त्यांची भाषणे गाजली. आकडेवारीसाठी ते गणेश व्यंकटेश जोशी या सोलापूरच्या विद्वान मुख्याध्यापकांची मदत घेत. आपल्याला काय येत नाही हे ठाऊक असल्यामुळे विचारण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच वर्षी ते बनारसच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले.

१९११ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्यासाठी विधेयक मांडले. मझहरुल हक यांच्यासारख्या सभासदांनी त्याला पाठिंबा दिला. पण १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. हार होणार हे गोखल्यांना आधीच दिसत होते; तरीही त्यांनी तयारीत कसर ठेवली नाही. आज ठाण्याच्या खोपटमधील मूल असो की कोकणातल्या खेड्यातील, शाळेत जाणे हा त्याचा हक्क आहे. तो कायदा व्हायला मात्र २००९ साल उजाडले.

सरकारने १९१४ मध्ये त्यांना 'सर' हा किताब देऊ केला. त्यांनी तो नाकारला.

जानेवारी १९१५ मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून भारतात परतले. गांधीजी त्यांना गुरू मानत. गोखल्यांनी त्यांच्याकडून एक वचन घेतले होते: वर्षभर देश पाहायचा, ऐकायचे आणि राजकारणावर जाहीरपणे बोलायचे नाही. ते वर्ष पूर्ण झालेले पाहायला गोखले राहिले नाहीत. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले. गांधीजी मात्र त्या वर्षी रेल्वेने देशभर फिरले.